स्वयंपाकाच्या प्रात्यक्षिकासाठी मसाले आणि रब: निवड, प्रमाण आणि लावण्याचा क्रम

घरच्या प्रात्यक्षिकात मसाला फसतो, तेव्हा बहुतेकदा त्याची निवड उलट्या क्रमाने झालेली असते. आधी कपाटातल्या बरण्या बाहेर येतात, मग त्यांतून एखादं मिश्रण ठरतं. ते कशावर लागणार, किती आचेवर जाणार आणि तिथे किती वेळ राहणार, हा विचार शेवटी होतो. मग पाप्रिका (रंगासाठीची सौम्य लाल मिरची पूड) लोकांसमोर काळी पडते, लसूण कडवट होतो, एका तुकड्यात मीठ जास्त आणि दुसऱ्यात नाहीच, आणि समोर बसलेल्यांना मिरचीच्या धुराने ठसका लागतो. खाली दिलेला क्रम पाळलात तर यातलं बहुतेक टळतं.

या लेखात ‘रब’ म्हणजे शिजवण्याआधी पदार्थाच्या पृष्ठभागावर चोळायचं कोरडं किंवा ओलसर मिश्रण. ‘सीझनिंग’ म्हणजे शिजताना किंवा शिजल्यावर चव जुळवण्यासाठी घालायचं ते. दोन्ही एकाच बरणीतून वापरायची सवय मोडा, कारण रबला आच सोसावी लागते आणि वरून भुरभुरायच्या मसाल्याला ती सोसावी लागत नाही. पुढची जवळजवळ सगळी निवड या एका फरकावर होते.

१. आधी कागदावर चार गोष्टी लिहा

मसाल्याला हात लावण्याआधी हे लिहून काढा: पदार्थ कोणता आणि कच्चं वजन किती, शिजवण्याची पद्धत आणि आच, लोकांसमोर प्रत्यक्ष मिळणारा वेळ, आणि खाणाऱ्यांत कोण आहे, म्हणजे मुलं, वयस्कर माणसं, तिखट न खाणारे, ॲलर्जी असलेले.

वेळेच्या बाबतीत काटेकोर राहा. तासाभराच्या प्रात्यक्षिकात तुमच्या हाती शिजवायला जेमतेम पस्तीस-चाळीस मिनिटं येतात, बाकीची बोलण्यात जातात. ज्या रबला रात्रभर मुरावं लागतं तो तुम्ही लोकांसमोर लावून दाखवू शकता, पण त्याच वेळी शिजवून खाऊ घालू शकत नाही. अशा वेळी दोन नग लागतात: एक आधी मुरवलेला आणि एक समोर लावून दाखवण्यासाठी. हे आदल्या दिवशी ठरलं नाही, तर प्रात्यक्षिकाच्या मध्यावर लक्षात येऊन उपयोग नाही.

मिश्रणांची संख्याही इथेच ठरवा. एक मूळ मिश्रण आणि त्याचे दोन किंवा तीन प्रकार पुरेत. सहा-सात वेगवेगळे रब मांडले की टेबल छान दिसतं, पण बघणाऱ्याला त्यांतला एकही घरी जाऊन करता येत नाही. एका मिश्रणात एक घटक बदलला की चवीत काय फरक पडतो, हे दाखवणं जास्त उपयोगाचं आहे.

तपासा: प्रत्येक पदार्थापुढे ‘मंद’, ‘मध्यम’ किंवा ‘कडक’ अशी आच लिहिली आहे का? लिहिली नसेल तर पुढे जाऊ नका.

२. मीठ मिश्रणातून बाहेर काढा

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून तो नीट समजून घ्या.

मसाल्याचे बहुतेक सुगंधी घटक पदार्थात खोलवर जात नाहीत. ते पृष्ठभागावर किंवा फार तर वरच्या पातळ थरात राहतात. मीठ मात्र पाण्यात विरघळतं आणि हळूहळू आत उतरतं. म्हणजे मिठाला वेळ हवा आणि मसाल्याला पृष्ठभाग हवा. दोन्ही एकाच मिश्रणात असली की तुम्ही रंग गडद दिसावा म्हणून मसाला वाढवता आणि त्याबरोबर मीठही वाढतं. किंवा खारट होईल या भीतीने हात आखडता घेता आणि पदार्थ फिका दिसतो.

म्हणून रब बिनमिठाचा करा आणि मीठ वजनाने मोजा:

– हाडाशिवायचं मांस: १ किलोला १० ते १२ ग्रॅम
– मासे: १ किलोला ८ ते १० ग्रॅम
– भाज्या: १ किलोला ८ ते १० ग्रॅम

पहिल्यांदा करताना खालचा आकडा धरा. वरून मीठ घालता येतं, काढता येत नाही.

चमच्याने मोजायचंच असेल तर मिठाचा प्रकार बदलू नका. बारीक मिठाचा ५ मिलीचा सपाट चमचा साधारण ६ ग्रॅम भरतो, तर हलक्या पापुद्र्यांच्या जाड मिठाचा तोच चमचा ३ ग्रॅमच्या आसपास भरतो. कृतीत ‘२ चमचे मीठ’ एवढंच सांगितलंत, तर ऐकणाऱ्यापैकी एकाच्या घरी पदार्थ अळणी होणार आणि दुसऱ्याच्या घरी खाण्यापलीकडे खारट. प्रात्यक्षिकात वजनकाटा समोर ठेवा आणि ग्रॅममध्येच बोला.

आता वेळ. मांसाला मीठ लावलं की काही मिनिटांत पृष्ठभागावर पाण्याचे थेंब जमतात. ते पाणी मीठ विरघळवतं आणि साधारण चाळीस मिनिटांनी बरंचसं परत आत शोषलं जातं. मधल्या काळात, म्हणजे मीठ लावल्यावर पाच मिनिटांपासून चाळीस मिनिटांपर्यंत, पृष्ठभाग ओला असतो. या अवस्थेत तुकडा तापलेल्या तव्यावर गेला तर तो भाजला जात नाही, स्वतःच्या पाण्यात उकडतो. त्यामुळे दोनच मार्ग आहेत: मीठ लावून लगेच तव्यावर, किंवा किमान चाळीस मिनिटं आधी. आदल्या रात्री मीठ लावून फ्रिजमध्ये न झाकता ठेवलेला तुकडा सगळ्यात चांगला भाजला जातो, कारण त्याचा पृष्ठभाग कोरडा झालेला असतो.

माशाचं मांस नाजूक असतं, त्याला दहा-पंधरा मिनिटं पुरे. मशरूम, वांगं, दुधी अशा पाणी सोडणाऱ्या भाज्या भाजायच्या असतील तर मीठ अगदी शेवटी, ओव्हनमध्ये जाताना.

सावध: मीठ तेलात विरघळत नाही. आधी तेल चोळून वर मीठ टाकलं तर ते दाण्यादाण्याने बसून राहतं. मांस-माशाला मीठ आधी, तेल नंतर.

३. आचेला टिकतील तेच घटक घ्या

ओल्या पृष्ठभागाचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर सहसा जात नाही, कारण उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते. पृष्ठभाग कोरडा झाला की तो पुढे तापतो आणि १४० अंशांच्या आसपास खमंग तपकिरी रंग चांगला यायला लागतो. साखर १६० अंशांच्या पुढे कॅरामल होते, म्हणजे वितळून तपकिरी होते, आणि त्याहून वर गेली की करपून कडू होते. तवा मात्र कडक आचेवर २०० अंशांच्या पुढे सहज जातो. वस्त्रगाळ पूड अशा तव्याला थेट लागली की काही सेकंदांत काळी पडते. हे आकडे डोक्यात ठेवलेत तर घटकांची निवड सोपी होते.

मंद आच, जास्त वेळ (ओव्हन साधारण १५० अंशांपर्यंत): इथे जवळजवळ सगळं चालतं. पाप्रिका, लसूण पावडर, कांदा पावडर, ब्राउन शुगर, धणे-जिरे पूड, मोहरी पावडर. साखर हवीच असेल तर ती फक्त या गटात.

मध्यम आच (ओव्हन १८० ते २०० अंश, किंवा मध्यम तवा): साखर नको. लसूण पावडर निम्मी करा. पाप्रिका तेलाच्या पातळ थरात बसवा, कोरडी वरून उडवू नका. रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो ही वाळवलेली पानं इथे चांगली टिकतात.

कडक आच (तापलेला तवा, ग्रिल): मीठ आणि भरड कुटलेले धणे किंवा जिरे, बस. मिरी आवडत असेल तर भरड कुटलेली, तीही बेताने, बाकीची उतरवल्यावर. पाप्रिका, मिरची पूड, लसूण पावडर यांची जागा शेवटी, वितळलेल्या लोण्यात किंवा कोमट तेलात ढवळून वरून लावण्यात आहे. त्याने रंग लालभडक राहतो आणि धूरही होत नाही.

बघणाऱ्यांना कडक आचेवरचा आवाज आणि रंग आवडतो, म्हणून प्रात्यक्षिक करणारे तीच आच निवडतात आणि रब मात्र मंद आचेचा उचलतात. मसाला जळण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. बाजारात मिळणारे बरेच ‘बार्बेक्यू’ धाटणीचे रब साखरेचे असतात आणि ते तासन् तास मंद धुरात भाजायच्या पद्धतीसाठी बनलेले असतात. तव्यावर ते चालत नाहीत.

मोहरी पावडरबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. तिचा झणका कोरड्या पुडीत नसतो. पूड थंड पाण्यात कालवली की आतलं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) कामाला लागतं आणि साधारण दहा मिनिटांत तिखटपणा तयार होतो. गरम पाण्यात ते एन्झाइम निकामी होतं. तयार झालेला झणकाही आचेवर उडून जातो. म्हणून भाजायच्या रबमध्ये मोहरी घातली तर झणक्याची अपेक्षा ठेवू नका. झणका हवा असेल तर कालवलेली मोहरी शेवटी, शिजलेल्या पदार्थावर.

वाळवलेल्या आणि ताज्या पानांची अदलाबदल करताना साधारण १ भाग वाळवलेल्याला ३ भाग ताजं धरा. पण तुळस, कोथिंबीर, पार्सली यांसारखी नाजूक पानं वाळल्यावर फारशी उरत नाहीत. ती ताजी घ्या आणि शेवटी घाला.

तपासा: कागदावर जिथे ‘कडक’ लिहिलं आहे, त्या मिश्रणात साखर किंवा लसूण पावडर राहिली आहे का?

४. बरणीतलं साहित्य जिवंत आहे का ते बघा

अख्खे मसाले हवाबंद, अंधाऱ्या आणि थंड जागी दोन-तीन वर्षं चांगले राहतात. पूड सहा महिन्यांनंतर उतरायला लागते. ती खराब होत नाही, पण सुगंध जातो आणि उरतो तो रंग आणि भुसा. चिमूटभर पूड तळहातावर घेऊन चोळा. दोन-तीन सेकंदांत वास नाकात भरला नाही तर ती बरणी प्रात्यक्षिकात नको. कुबट किंवा खवट वास आला तर ती घरातही नको. तिळाची आणि खसखशीची ही तपासणी विशेष करून करा, त्यांतल्या तेलामुळे ते लवकर खवट होतात.

शक्य असेल तर धणे, जिरे आणि मिरी अख्खी घेऊन आदल्या दिवशी भाजून कुटा. प्रत्येक मसाला वेगळा भाजा: जिरं लवकर तयार होतं, धण्यांना जास्त वेळ लागतो, एकत्र टाकलं तर जिरं करपेपर्यंत धणे कच्चे राहतात. आच मंद ठेवा, वास सुटला की लगेच थंड ताटात काढा, गरम भांड्यात ठेवलं तर भाजणं चालूच राहतं. पूर्ण गार झाल्यावरच कुटा. मसाला गरम असतानाच बंद भांड्यात वाटला की वाफ धरते आणि पूड गोळा होते.

तयार मिश्रण वापरणार असाल तर लेबल वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. पहिलं नाव मीठ असेल तर तुम्ही मुख्यतः मीठ विकत घेतलं आहे. पोषणाच्या तक्त्यात सोडियम दिलं असेल तर त्याला २.५ ने गुणा, म्हणजे मिठाचं वजन मिळतं. समजा १०० ग्रॅम मिश्रणात १२ ग्रॅम सोडियम लिहिलं आहे. म्हणजे मीठ सुमारे ३० ग्रॅम. तुम्ही १ किलो मांसाला २० ग्रॅम मिश्रण लावलंत तर ६ ग्रॅम मीठ त्यातूनच गेलं. तुमचं उद्दिष्ट १२ ग्रॅमचं असेल तर वेगळं मीठ फक्त ६ ग्रॅम घालायचं. हा हिशोब लोकांसमोर एकदा करून दाखवा. तयार मसाला वापरणाऱ्या प्रत्येकाला त्याची गरज असते आणि सहसा कुणी तो सांगत नाही.

५. मूळ मिश्रण बांधा, मग फाटे फोडा

सुरुवातीला भागांमध्ये विचार करा. एक भाग म्हणजे कुठलाही एकच चमचा:

– पाप्रिका किंवा रंगाची सौम्य मिरची पूड: ३ भाग
– धणे पूड: २ भाग
– जिरे पूड: १ भाग
– मिरी, ताजी कुटलेली: अर्धा भाग

यात मीठ नाही, साखर नाही, लसूण नाही, तिखट मिरची नाही. हे मुद्दाम आहे. हेच मिश्रण सगळ्यांना चालतं, आणि त्यात काय घालायचं ते आच आणि खाणारी माणसं ठरवतील.

मंद आचेसाठी: १ भाग लसूण पावडर, १ भाग ब्राउन शुगर घाला. मध्यम आचेसाठी: अर्धा भाग लसूण पावडर आणि १ भाग थाइम किंवा ओरेगॅनो. कडक आचेसाठी पाप्रिका काढून बाजूला ठेवा, धणे-जिरे भरड घ्या, पाप्रिका शेवटी लोण्यातून द्या. तिखट मिरची कुठल्याही प्रकारात पाव भागापासून सुरू करा.

प्रमाण: १ किलो मांसाला हे मिश्रण साधारण २ मोठे चमचे, म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास. भाज्यांना आणि माशांना त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा, त्यांची स्वतःची चव सौम्य असते आणि ती झाकली गेली तर काय शिजवलं हेच कळत नाही.

भरड आणि बारीक घटक एकत्र असले की बरणी हलवताना बारीक पूड तळाशी जाते आणि भरड वर राहतं. पहिल्या तुकड्याला धणेच धणे आणि शेवटच्याला मिरचीच मिरची, असं होण्याचं कारण हे. दर वेळी घेण्याआधी चमच्याने तळापासून ढवळा.

सावध: ओलसर रब करताना ताजा लसूण तेलात वाटून बाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते आणि तिथे बोट्युलिझमचे (अन्नातून होणाऱ्या गंभीर विषबाधेचे) जिवाणू विष तयार करू शकतात. ते वाटण त्याच दिवशी करा. उरलं तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

लिंबू, व्हिनेगर, दही यांच्या आंबटपणाचाही वेळ मोजा. लिंबाच्या रसात मासा वीस-तीस मिनिटांतच पांढरट आणि घट्ट व्हायला लागतो. कच्ची पपई, अननस, किवी यांतली एन्झाइम मांस लवकर मऊ करतात आणि जास्त वेळ ठेवलं तर पृष्ठभाग पिठूळ होतो. प्रात्यक्षिकात बोलण्याच्या भरात वेळ निघून जातो, म्हणून हे घटक शक्यतो टाळाच. आंबटपणा शेवटी पिळलेल्या लिंबाने द्या, तो ताजाही लागतो.

६. दोन चाचण्या, आदल्या दिवशी

बोटाला कोरडी पूड लावून चाखणं ही चाचणी नव्हे. कोरड्या पुडीत मिरची आणि कच्चे धणे पुढे येतात, जिरं आणि लसूण मागे राहतात. शिजल्यावर चित्र बदलतं.

चवीची चाचणी: एका छोट्या कढईत चमचाभर तेल मंद आचेवर गरम करा, पाव छोटा चमचा मिश्रण टाका, वीस-तीस सेकंदांत उतरवा. उकडलेल्या बटाट्याच्या फोडींवर हे तेल आणि मोजलेलं मीठ घालून खा. बटाट्याची स्वतःची चव फारशी आड येत नाही, त्यामुळे मिश्रणातलं काय जास्त झालं ते लगेच कळतं.

जळण्याची चाचणी: प्रात्यक्षिकाचाच तवा प्रात्यक्षिकाच्याच आचेवर तापवा. रब लावलेला एक छोटा तुकडा टाका आणि दोन मिनिटांनी उलटा. मसाला गडद तपकिरी असेल तर ठीक. काळा असेल किंवा नाकाला झोंबणारा धूर झाला असेल, तर मिश्रण बदला किंवा आच बदला. ‘उद्या लवकर उलटू’ यावर विसंबू नका, उद्या तुम्ही बोलत असाल.

तपासा: चाचणीनंतर मिश्रणात काही बदललं असेल तर ते कागदावर भागांमध्ये लिहिलं का? ‘थोडं जिरं वाढवलं’ हे लोकांना सांगून उपयोग नाही.

७. ॲलर्जी

मसाल्यांत ॲलर्जीचा विचार लोक करत नाहीत, पण मोहरी, तीळ आणि सेलेरी या तिन्ही गोष्टी युरोपीय संघाच्या ॲलर्जी करणाऱ्या १४ मुख्य पदार्थांच्या यादीत आहेत. अमेरिकेत २०२३ पासून तिळाची नोंद लेबलवर करणं बंधनकारक आहे. हिंगाच्या पुडीत बहुधा गव्हाचं पीठ असतं. येणाऱ्यांना आधी विचारा आणि प्रत्येक वाटीवर पूर्ण घटक लिहिलेली चिठ्ठी लावा. एखादा घटक कुणाला चालत नसेल तर तो सगळ्याच मिश्रणांतून काढणं सर्वांत सुरक्षित, कारण चमचे अदलाबदल होतातच.

८. टेबल मांडा

प्रत्येक मिश्रणाच्या दोन वाट्या काढा. एक लावण्यासाठी, तीत त्या पदार्थाला लागेल तेवढंच. दुसरी वास घेण्यासाठी आणि दाखवण्यासाठी, ती कच्च्या मांसापासून दूर. कच्च्या चिकनला लागलेला हात पुन्हा बरणीत गेला की ती अख्खी बरणी फेकायची, आणि लोकांसमोर ते नको असेल तर आधीच वाटीत काढून ठेवा. लावल्यावर वाटीत उरलेलं मिश्रणही फेकायचं.

एक हात कोरडा, एक ओला हा नियम पाळा: कोरड्या हाताने मसाला भुरभुरायचा, ओल्या हाताने तुकडा फिरवायचा आणि चोळायचं. सवय नसेल तर आदल्या दिवशी रिकाम्या हातांनी सराव करा. मिरची हाताळल्यावर नुसत्या पाण्याने हात धुऊन भागत नाही, कारण मिरचीला तिखट करणारं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. आधी थोडं तेल चोळा, मग साबणाने धुवा.

कच्चं मांस-मासे फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नयेत. खोली ३२ अंशांच्या वर तापलेली असेल तर एकच तास. त्यात मांडणीचा वेळही धरा. लोक येण्याआधी तासभर टेबलावर सजवून ठेवलेलं ताट या हिशोबात मोडतं.

खिडकी किंवा चिमणी सुरू करा, पण पंख्याचा झोत वाट्यांवर येणार नाही हे बघा. मिरचीची पूड उडाली की समोरची रांग खोकत बसते.

९. लोकांसमोर लावण्याचा क्रम

१. किचन पेपरने पृष्ठभाग पूर्ण कोरडा करा.
२. मोजलेलं मीठ साधारण २५ ते ३० सेंटिमीटरवरून भुरभुरा. जवळून टाकलं की एकाच जागी ढीग होतो. दोन्ही बाजू आणि कडा विसरू नका.
३. इथे थांबा आणि मुरलेल्या नगाशी अदलाबदल करा. ‘हा आता चाळीस मिनिटं ठेवायचा, हा आधी ठेवलेला आहे’ असं सरळ सांगा. दोन्ही नग शेजारी धरून दाखवा: एक चमकतो आहे, दुसरा कोरडा आहे. हा फरक डोळ्यांनी पाहिला की लोकांच्या लक्षात राहतो.
४. मुरलेल्या नगावर तेलाचा अगदी पातळ थर. १ किलोला १ मोठा चमचा पुरे. तेल ओघळत असेल तर रब धुऊन जाईल.
५. रब भुरभुरा आणि दाबून बसवा. जोरात घासू नका, घासलं की एका जागी गोळा होतो आणि दुसरी जागा उघडी पडते.
६. पाच मिनिटं थांबा. मसाला ओलावा धरतो आणि चिकटतो. कोरडा रब लगेच तव्यावर गेला तर अर्धा तव्याला लागतो आणि तिथे जळतो.
७. शिजवा आणि थर्मामीटरने आतलं तापमान बघा: चिकन ७४ अंश, मासे ६३ अंश.
८. उतरवल्यावर कडक आचेला न टिकणारं सीझनिंग वरून द्या.

भाज्यांचा क्रम वेगळा आहे. तेल, मसाला आणि मीठ मोठ्या भांड्यात एकदम लावायचं आणि लगेच ओव्हनमध्ये. फोडींमध्ये जागा सोडा, गर्दी झाली की त्या वाफवल्या जातात आणि मसाला चिखलासारखा चिकटून राहतो.

सावध: उकळत्या भांड्यावर बरणी उलटी करून मसाला टाकू नका. प्रात्यक्षिकात ही हालचाल दिसायला छान वाटते, पण वाफ बरणीत शिरते, मसाला गोळा होतो आणि ओलाव्याने बुरशीला वाट मिळते. वाटीत किंवा तळहातावर काढून मगच टाका.

१०. चव देण्याचा क्रम

सौम्य आधी, तिखट शेवटी. तिखटाने जीभ एकदा बधिर झाली की पुढच्या सौम्य मिश्रणाला न्याय मिळत नाही. वास घ्यायला सलग चार-पाचपेक्षा जास्त वाट्या फिरवू नका, नाक लवकर सरावतं आणि नंतरच्या सगळ्या सारख्याच वाटतात. आधी मूळ मिश्रणाचा घास, मग एक घटक वाढवलेला, आणि लोकांनाच ओळखू द्या. शेजारी दूध किंवा दही ठेवा. मिरचीची जळजळ पाण्याने पसरते, दुधातल्या प्रथिनांनी कमी होते.

११. समोरच बिघडलं तर

मसाला जळायला लागला: तुकडा लगेच उचला, तवा कागदाने पुसून काढा, नवं तेल घाला आणि मंद आचेवर पुढे शिजवा. तव्यातल्या काळ्या मसाल्यावर पाणी ओतून रस्सा करू नका, कडवटपणा सगळीकडे पसरतो.

खारट झालं: पातळ काप करा आणि बिनमिठाच्या गोष्टींबरोबर द्या, उकडलेला बटाटा, साधा भात, साधं दही. लिंबू पिळल्याने खारटपणा थोडा मागे जातो, पण मीठ कमी होत नाही, हेही सांगा.

फिकं लागलं: आणखी रब टाकण्याची घाई करू नका. आधी चिमूटभर मीठ, मग लिंबाचे दोन थेंब, चाखा. बहुतेक वेळा कमी पडलेलं असतं ते यांतलंच एक. शिजलेल्या पदार्थावर कच्ची धणे-जिरे पूड टाकली तर ती पिठूळ लागते. मसालाच हवा असेल तर तो तेलात वीस सेकंद गरम करून ओता.

रब सुटून पडला: पृष्ठभाग ओला होता किंवा तुकडा लवकर उलटला. पहिल्या बाजूला हात न लावता भाजू द्या. चांगला भाजला की तो स्वतःच तवा सोडतो, ओढावा लागत नाही.

१२. झाल्यावर

कच्च्या मांसाजवळ न गेलेल्या वाट्यांमधलं मिश्रण कोरड्या हवाबंद बरणीत भरा. बरणीवर तारीख, भागांचं प्रमाण आणि ‘बिनमिठाचं’ असं ठळक लिहा, नाहीतर पुढच्या वेळी कुणीतरी त्यात मीठ आहे असं समजून पदार्थ अळणी करील. कुटलेल्या मसाल्याचं मिश्रण दोन-तीन महिन्यांत वापरा. आणि वाट्या धुण्याआधी उरलेलं वजन करा: किती काढलं होतं, किती लागलं, किती उरलं. पुढच्या प्रात्यक्षिकाची खरेदी या तीन आकड्यांवरून करायची.